लिनक्सवर दोन कीबोर्ड जोडलेत आणि टायपिंग बिघडलंय? गडबड नक्की कुठे आहे ते असं शोधा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून तो पुन्हा कामाला लावणारे बरेच जण आहेत. अशा लॅपटॉपची बॅटरी चालते, स्क्रीन चालते, पण कीबोर्डची दोन-चार बटणं गेलेली असतात. मग आपण चारशे-पाचशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड आणतो. काहींना मनगटदुखीमुळे दोन तुकड्यांचा स्प्लिट कीबोर्ड घ्यावा लागतो. काहींना फोन आणि लॅपटॉप दोन्हीला चालेल असा ब्लूटूथ कीबोर्ड हवा असतो. आणि इथूनच गंमत सुरू होते: एका कीबोर्डवर मराठी येतं, दुसऱ्यावर इंग्रजीच येतं, स्प्लिटचा अर्धा भाग मुका होतो, पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

अशा वेळी पहिला सल्ला हमखास मिळतो, "सगळं पुन्हा इन्स्टॉल कर." माझं मत उलट आहे. कीबोर्डच्या बिघाडासाठी लिनक्स पुन्हा टाकायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत मध्ये काही टप्पे असतात. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे एवढं कळलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. या लेखात आपण तेच शिकणार आहोत.

एक सूचना आधीच देतो. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीप्रमाणे लहान इंग्रजी अक्षरांतच टाईप करायची.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

फोनवर टाईप करायची सवय असल्यामुळे आपला एक समज पक्का झालेला असतो. फोनचा कीबोर्ड हे एक ॲप आहे. तो स्वतःच "क" काढतो, स्वतःच "क" पाठवतो. भाषा बदलली की बटणांवरची अक्षरंही बदलतात.

खरा कीबोर्ड तसा नसतो. त्याला अक्षरं कळतच नाहीत, मराठी तर सोडाच, इंग्रजीही नाही. त्याला फक्त जागा कळते: "या जागेचं बटण दाबलं", "या जागेचं बटण सोडलं". बाकी सगळं पुढे ठरतं. हे टप्पे असे:

पहिला टप्पा, कीबोर्ड स्वतः. आतली छोटी चिप दाबलेल्या बटणाचा नंबर पाठवते. यूएसबी कीबोर्डवर "ए" बटणाचा नंबर 4 आहे.

दुसरा टप्पा, लिनक्सचं कर्नल. कर्नल त्या 4 चं स्वतःच्या यादीतल्या 30 या नंबरात रूपांतर करतं. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड असो की बाहेरचा, इथे "ए" म्हणजे 30 च.

तिसरा टप्पा, डेस्कटॉप आणि लेआउट. इथे 30 मध्ये 8 मिळवून 38 होतात आणि एक्सकेबी नावाची यंत्रणा लेआउटच्या तक्त्यात बघते: 38 म्हणजे काय? इंग्रजी लेआउट असेल तर "ए", मराठी इनस्क्रिप्ट असेल तर ओकाराची मात्रा.

चौथा टप्पा, इनपुट मेथड. फोनेटिक पद्धतीने "एन-ए-एम-ए-एन" टाईप करून "नमन" हवं असेल तर आयबस किंवा फिसिटिक्स5 सारखा प्रोग्राम मध्ये बसतो आणि अक्षरं जोडून देतो.

पाचवा टप्पा, तुमचं ॲप. ब्राउझर, ऑफिस, टर्मिनल, जे काही असेल ते.

आता नियम सोपा आहे. पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायची आणि "इथपर्यंत ठीक आहे का?" असं विचारत पुढे जायचं. सेटिंग मात्र तोपर्यंत एकही बदलायचं नाही, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे बरं झालं तेही कळत नाही आणि कशामुळे बिघडलं तेही.

पहिली तपासणी: तुमचा फोन काढा

कीबोर्ड स्वतः ठीक आहे का हे बघायला दुसरा कॉम्प्युटर लागत नाही. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन आहेच. बाजारात मिळणारा छोटा ओटीजी अडॅप्टर लावा आणि यूएसबी कीबोर्ड फोनला जोडा. नोट्सचं कुठलंही ॲप उघडा आणि प्रत्येक बटण एकेकदा दाबा.

फोनवरही तेच बटण चालत नसेल, किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटत असेल, तर बिघाड कीबोर्डमध्येच आहे. लिनक्सला दोष देऊ नका. फोनवर सगळी बटणं नीट चालली तर कीबोर्ड आणि त्याची वायर ठीक आहे, पुढच्या टप्प्याकडे वळा. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं, त्यामुळे ही तपासणी चांगलीच भरवशाची आहे.

एक अपवाद: पुष्कळ एलईडी दिवे असलेला कीबोर्ड फोनला जास्त वीज मागतो आणि कधी कधी चालूच होत नाही. तसं झालं तर लगेच निकाल लावू नका, दुसऱ्या लॅपटॉपवर बघा.

दुसरी तपासणी: कर्नलला ऐकू येतंय का?

यासाठी मी ईव्हीटेस्ट नावाचं साधन वापरतो. उबुंटू किंवा मिंटमध्ये "सुडो एपीटी इन्स्टॉल ईव्हीटेस्ट" केलं की ते येतं. मग "सुडो ईव्हीटेस्ट" चालवा. जोडलेल्या सगळ्या इनपुट उपकरणांची यादी दिसेल आणि त्यातला नंबर विचारला जाईल.

यादी बघून घाबरू नका. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुधा "एटी ट्रान्सलेटेड सेट 2 कीबोर्ड" अशा जुनाट नावाने दिसतो. आणि बाहेरचा एकच कीबोर्ड यादीत दोन-तीन वेळा दिसू शकतो: एक नोंद साध्या बटणांची, एक आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांची, एखादी सिस्टीम कंट्रोलची. कंपनीने चुकून तीन कीबोर्ड दिलेले नाहीत, एकाच कीबोर्डची ती वेगवेगळी कामं आहेत. ईव्हीटेस्ट करताना साध्या बटणांची नोंद निवडा.

आता बटणं दाबा. प्रत्येक दाबण्याला आणि सोडण्याला एक ओळ उमटली पाहिजे. तीन गोष्टी बघायच्या:

ओळ उमटतच नाही, पण फोनवर बटण चालत होतं. मग यूएसबी पोर्ट बदलून बघा, हब काढून थेट लॅपटॉपला लावा.

कुणी हात न लावताही ओळी उमटत राहतात. म्हणजे कुठलं तरी बटण अडकलंय. जुन्या लॅपटॉपमध्ये हे फार होतं आणि त्रास मात्र नव्या कीबोर्डवर दिसतो, कारण अडकलेलं कंट्रोल किंवा शिफ्ट दोन्ही कीबोर्डना लागू होतं.

"हे उपकरण दुसऱ्या प्रोग्रामने ताब्यात घेतलंय" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. म्हणजे कीडी, कनाटा किंवा इनपुट रीमॅपर असं बटणं बदलणारं काही तरी मागे चालू आहे. ते थांबवा आणि पुन्हा बघा.

ओळी बरोबर येत असतील तर हार्डवेअर आणि कर्नल दोन्ही सुटले. गडबड पुढे आहे.

दोन कीबोर्ड, पण लेआउट एकच

आता सगळ्यात जास्त गोंधळ करणारा मुद्दा. आपल्याला वाटतं की लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजी ठेवावा आणि बाहेरचा मराठी. दोन वेगळ्या वस्तू आहेत, तर दोन वेगळे लेआउट का नकोत?

लिनक्स डेस्कटॉप तसा विचार करत नाही. एका माणसासमोरचे सगळे कीबोर्ड आणि माऊस मिळून एक "सीट" मानली जाते. ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, त्या सीटचा चालू लेआउट एकच असतो. सुपर-स्पेस दाबून मराठी केलं की दोन्ही कीबोर्ड मराठी होतात. "नव्या कीबोर्डवर इंग्रजी दाबलं तर मराठी येतंय" ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. तो बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे.

मग कधी कधी एका कीबोर्डवर मराठी आणि दुसऱ्यावर इंग्रजी आल्यासारखं का वाटतं? नीट बघा, कीबोर्ड बदलताना तुम्ही विंडोही बदलली होती का? ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर इनपुट सोर्स सगळ्या विंडोंना एकच ठेवायचा की प्रत्येक विंडोला वेगळा, असा पर्याय आहे. वेगळा निवडलेला असेल तर ब्राउझरमध्ये मराठी आणि टर्मिनलमध्ये इंग्रजी राहतं. केडीई प्लाझ्मामध्ये हेच धोरण संपूर्ण डेस्कटॉप, ॲप किंवा विंडोनुसार ठरवता येतं. गोंधळ होत असेल तर आधी "सगळीकडे एकच" करा.

तरीही खरोखरच दोन कीबोर्डना दोन लेआउट हवे असतील तर तुमचं सेशन एक्स11 आहे की वेलँड ते बघा. उबुंटूमध्ये सेटिंग्जमधल्या अबाउटच्या पानावर सिस्टीम डिटेल्समध्ये "विंडोइंग सिस्टीम" अशी ओळ दिसते.

एक्स11 असेल तर "एक्सइनपुट लिस्ट" कमांड प्रत्येक कीबोर्डचा आयडी दाखवते. समजा तो 12 आहे. मग "सेटएक्सकेबीमॅप" कमांडला "-डिव्हाइस 12" आणि "-लेआउट यूएस" असं जोडलं की त्या एकाच कीबोर्डला इंग्रजी लेआउट लागतो. मात्र कीबोर्ड काढून पुन्हा लावला की हे विसरलं जातं.

वेलँडवर ही कमांड उपयोगाची नाही. ग्नोममध्ये प्रत्येक कीबोर्डला वेगळ्या लेआउटची सोयच नाही. स्वे आणि हायपरलँड या डेस्कटॉपमध्ये ती आहे, कॉन्फिग फाईलमध्ये कीबोर्डचं नाव देऊन लेआउट लिहिता येतो. पण स्वेमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे एकच लेआउट असलेले कीबोर्ड मिळून एक गट बनतो आणि गटातल्या एकाचं शिफ्ट दुसऱ्याला चालतं. लेआउट वेगळे केले की गट तुटतो, मग एका कीबोर्डवर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबलं तर मोठं अक्षर येत नाही. दोन साधे कीबोर्ड शेजारी ठेवून जुगाडू स्प्लिट करणाऱ्यांना हे नक्की छळतं.

मोडका कीबोर्ड बंद कसा करायचा?

माझा एक मावसभाऊ लिपिक-टंकलेखक भरतीची तयारी करतो. मराठी टायपिंगला मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो. त्याच्या लॅपटॉपचं एक बटण अधूनमधून आपोआप दाबलं जायचं. नवा कीबोर्ड जोडूनही सरावाच्या मजकुरात मध्येच भलतं अक्षर घुसायचं, आणि वेग मोजताना चूक त्याच्या नावावर जमा व्हायची. आठवडाभर त्याला वाटत होतं की आपलीच बोटं चुकतात.

अशा वेळी आतला कीबोर्ड गप्प करणं हाच उपाय. एक्स11 वर "एक्सइनपुट डिसेबल" आणि पुढे कीबोर्डचा आयडी, एवढं पुरतं. वेलँड असो की एक्स11, दोन्हीकडे चालणारा रस्ता थेट कर्नलमध्ये आहे, फक्त कर्नल 5.11 किंवा त्यापुढचं हवं. "युनेम -आर" दिलं की तुमची आवृत्ती कळेल.

आधी "कॅट /प्रोक/बस/इनपुट/डिव्हायसेस" चालवा. "एटी ट्रान्सलेटेड" नावाची नोंद शोधा. तिच्या सिसएफएस ओळीच्या शेवटी "इनपुट3" असा काही नंबर असेल. मग ही कमांड:

इको 1 | सुडो टी /सिस/क्लास/इनपुट/इनपुट3/इनहिबिटेड

3 च्या जागी तुमचा नंबर टाका. आतला कीबोर्ड लगेच बंद होईल. पुन्हा चालू करायला 1 च्या जागी 0. मला हा उपाय आवडतो, कारण तो टिकाऊ नाही! लॅपटॉप रीस्टार्ट केला की कीबोर्ड आपोआप परत चालू होतो. चुकून दुसराच कीबोर्ड बंद झाला तरी पॉवर बटण आहेच. एकच काळजी घ्या, ही कमांड देण्याआधी बाहेरचा कीबोर्ड नीट चालतोय याची खात्री करा. आठवडाभर हे नीट चाललं तर मग कायमस्वरूपी उपायाकडे, म्हणजे यूडेव्हच्या नियमाकडे वळा.

लॅपटॉपवर "यू, आय, ओ" दाबल्यावर 4, 5, 6 येत असतील तर मात्र काहीच बंद करू नका. बाहेरच्या कीबोर्डचं नम लॉक चालू आहे. काही जुन्या लॅपटॉपमध्ये अक्षरांच्याच बटणांवर आकड्यांचा कीपॅड दडलेला असतो आणि नम लॉकमुळे तो जागा होतो. नम लॉक एकदा दाबा, विषय संपला.

स्प्लिट कीबोर्ड: अर्धा मुका झाला तर

स्प्लिट कीबोर्ड दोन तुकड्यांत असला तरी लॅपटॉपला तो एकच कीबोर्ड दिसतो. दोन्ही तुकडे आपसात बोलतात, आणि त्यातला मुख्य तुकडा लॅपटॉपशी बोलतो. म्हणून एक अर्धा बंद पडला तर लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये शोधण्यात अर्थ नाही. बिघाड पहिल्याच टप्प्यावर, दोन तुकड्यांच्या मध्ये आहे.

इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हे ओळखायला सोपं जातं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. म, न, व अशी थोडी व्यंजनं तेवढी डावीकडे खालच्या ओळीत. त्यामुळे स्क्रीनवर नुसत्या मात्रा आणि मधूनच म-न-व उमटत असतील, तर उजवा तुकडा मुका झालाय. नुसती क, त, प, र अशी व्यंजनं येत असतील आणि एकही काना-मात्रा नसेल, तर डावा.

वायरवाल्या स्प्लिटमध्ये दोन तुकड्यांना जोडणारी वायर बघा. पुष्कळ कीबोर्डमध्ये ती हेडफोनसारख्या दिसणाऱ्या टीआरआरएस पिनची असते. ती नीट आतपर्यंत गेलेली नसणं हे सगळ्यात साधं कारण. पण इथे एक धोका आहे: यूएसबी लावलेली असताना ही वायर काढू-घालू नका. पिन आत-बाहेर होताना क्षणभर चुकीचे संपर्क जुळतात आणि आतली चिप जळू शकते. आधी यूएसबी काढा, मग ती वायर नीट बसवा, मग यूएसबी लावा. हा क्रम पाळा.

डावं-उजवं उलटं उमटत असेल तर यूएसबी दुसऱ्या तुकड्याला लावून बघा. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये वेगळं काही ठरवलेलं नसेल तर यूएसबी लावलेला तुकडा डावा समजला जातो. तुम्ही ती उजव्याला लावली की तो स्वतःला डावा समजून वागतो.

बिनवायरच्या स्प्लिटमध्ये बहुधा झेडएमके फर्मवेअर असतं. तिथे एक तुकडा मुख्य, बहुतेकदा डावा, आणि दुसरा दुय्यम. दुय्यम तुकडा फक्त मुख्य तुकड्याशी बोलतो. त्याला लॅपटॉपची यूएसबी लावली तर तो चार्ज होतो, पण एकही अक्षर पाठवत नाही. "वायर लावूनही चालत नाही" यामागे बरेचदा हेच असतं. दोन तुकड्यांची आपसातली जोडी तुटली असेल तर दोन्हींवर आधी सेटिंग्ज रीसेटचं फर्मवेअर टाकायचं, मग नेहमीचं.

मराठी टायपिंगला खास छळणारी गोष्ट

स्प्लिट कीबोर्ड घेणारे बरेच जण सोबत कोलमॅक किंवा ड्वोराक लेआउटही शिकतात आणि तो कीबोर्डच्या फर्मवेअरमध्येच टाकतात. इंग्रजी मस्त चालतं. मग मराठी इनस्क्रिप्ट चालू केलं की सगळं विस्कटतं.

कारण वरच्या टप्प्यांत आहे. इनस्क्रिप्ट जागेवर चालतं. "के" च्या जागी "क" असतो. पण फर्मवेअरमध्ये कोलमॅक असेल तर त्या जागेवरून "ई" चा नंबर निघतो, आणि इनस्क्रिप्टमध्ये "ई" म्हणजे काना. तुम्ही दाबता "क", उमटतो काना. लिनक्सने बरोबरच केलं, कीबोर्डनेच वेगळी जागा सांगितली.

याला दोन उपाय. एक, फर्मवेअरमध्ये साध्या क्वर्टीचा एक वेगळा लेयर ठेवा आणि मराठी लिहिताना त्यावर जा. दोन, कोलमॅक फर्मवेअरमधून काढा आणि लिनक्सच्या लेआउटच्या यादीत टाका. मग सुपर-स्पेसने कोलमॅकवरून इनस्क्रिप्टवर जाताना जागा बरोबर राहतात. दोन्हीकडे मात्र कोलमॅक ठेवू नका, नाहीतर अक्षरं दोनदा बदलली जातील आणि इंग्रजीही हातचं जाईल.

लेआउट बरोबर, तरी मराठी येत नाही?

मग चौथा टप्पा तपासा. ग्नोमच्या यादीत मराठी दोन प्रकारची असते. एक थेट एक्सकेबीचा लेआउट, दुसरी आयबसमधून येणारी. फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धत हवी असेल तर "आयबस-एम17एन" हे पॅकेज लागतं, आणि ते टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं.

यावरून सोपी परीक्षा निघते. एक्सकेबीचं मराठी चालतंय पण आयबसचं चालत नाही, तर दोष आयबसमध्ये आहे. "आयबस रीस्टार्ट" करून बघा. आयबस आणि फिसिटिक्स5 दोन्ही एकदम चालू असतील तर एकच ठेवा. आणि एकाच ॲपमध्ये मराठी येत नाही, बाकी सगळीकडे येतं, तर पाचवा टप्पा: त्या ॲपलाच इनपुट मेथड नीट जोडलेली नाही. तिथे सरळ एक्सकेबीचं इनस्क्रिप्ट वापरा.

मराठी चालू असताना काही ॲपमध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालत नाही. कारण "सी" च्या जागी आता "म" आहे आणि त्या ॲपला "कंट्रोल-म" म्हणजे काय ते कळत नाही. यादीत इंग्रजी लेआउट पहिला ठेवला की बऱ्याच ॲपमध्ये हे सुटतं. नाही सुटलं तर कॉपी करण्यापुरतं सुपर-स्पेस दाबून इंग्रजीवर या.

इंग्रजी पहिला ठेवण्याचं याहून मोठं कारण आहे: पासवर्ड. लॉगिन स्क्रीनवर अक्षरं ठिपक्यांत लपलेली असतात. लेआउट मराठी राहिला असेल तर तुम्ही बरोबर पासवर्ड टाकत राहता आणि लिनक्स तो नाकारत राहतं. लॉगिन स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते, ती आधी बघा. आणि डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तो पासवर्ड कायम साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचाच ठेवा. तो विचारला जातो तेव्हा डेस्कटॉप अजून सुरूच झालेला नसतो, त्यामुळे सुपर-स्पेसही नसतं आणि तुमची लेआउटची यादीही नसते.

ब्लूटूथची दोन-तीन दुखणी

वरच्याच कारणाने डिस्कचा पासवर्ड विचारताना ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही. ब्लूटूथची यंत्रणा तेव्हा जागी झालेली नसते. म्हणून ब्लूटूथ कीबोर्ड वापरत असाल तरी एक यूएसबी कीबोर्ड कपाटात असू द्या.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एकीकडे जोडी जमवली की दुसरीकडे मोडते. दोन्ही सिस्टीमचा ब्लूटूथ पत्ता एकच असतो, पण जोडीची गुप्त किल्ली वेगळी. विंडोजमध्ये नव्याने जोडलं की कीबोर्ड लिनक्सची किल्ली विसरतो. सोपा मार्ग म्हणजे डाँगल किंवा वायर वापरा. कीबोर्डला 1-2-3 अशी उपकरणं निवडायची सोय असेल तर विंडोजला 1 आणि लिनक्सला 2 देऊन बघा, काही कीबोर्डमध्ये प्रत्येक क्रमांकाचा पत्ता वेगळा असतो.

थोडा वेळ हात काढल्यावर पहिलं अक्षर गिळलं जात असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी कीबोर्ड झोपतोय. यूएसबी कीबोर्डवर असं होत असेल आणि तुम्ही पॉवरटॉपची ऑटो-ट्यून कमांड चालवली असेल, तर संशय तिच्यावर घ्या.

लक्षण बघा, टप्पा ओळखा

फोनवरही बटण चालत नाही: पहिला टप्पा. कीबोर्ड किंवा वायर.

फोनवर चालतं, ईव्हीटेस्टमध्ये ओळ नाही: पोर्ट, हब किंवा ब्लूटूथची जोडी.

स्प्लिटचा अर्धाच भाग चालतो: दोन तुकड्यांमधली जोडणी.

ईव्हीटेस्टमध्ये बरोबर, अक्षर मात्र भलतंच: तिसरा टप्पा. लेआउट, किंवा फर्मवेअर आणि लेआउटमधली दुहेरी अदलाबदल.

एफ1 ते एफ12 दाबल्यावर आवाज आणि ब्राइटनेसच बदलतो: कीबोर्डवरचं मॅक-विंडोज बटण विंडोजकडे करा. तरी नाही तर कर्नलच्या "हिड_ॲपल" मॉड्यूलची "एफएनमोड" सेटिंग 2 करा. काही कीबोर्ड स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड अशी करून देतात, म्हणून हे होतं.

बटण बराच वेळ दाबून ठेवल्यावरच उमटतं: ॲक्सेसिबिलिटीमधलं "स्लो कीज" चालू झालंय, बंद करा.

इंग्रजी चालतं, फोनेटिक मराठी नाही: चौथा टप्पा. आयबस.

एकाच ॲपमध्ये त्रास: पाचवा टप्पा. ते ॲप.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. ओटीजी अडॅप्टर जवळ ठेवा आणि ईव्हीटेस्ट आजच इन्स्टॉल करून ठेवा, कारण फॉर्म भरायची शेवटची तारीख असते त्याच रात्री कीबोर्ड रुसतो. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: इथपर्यंत ठीक आहे का? "हो" असेल तर पुढचा टप्पा, "नाही" असेल तर तिथेच थांबून दुरुस्त करा. मावसभावाच्या लॅपटॉपचा आतला कीबोर्ड आता बंद आहे, आणि स्क्रीनवर चूक दिसली तर ती बोटाचीच आहे हे त्याला माहीत असतं. सरावाला तेवढं पुरतं.